शून्याचे टोक

फितीचे शून्याचे टोक माझ्या हातात होते.
दुसरे घेऊन ग्रामसेवक चालत गेले
शाळेच्या फाटकाकडे. जुन्या नव्हे,
परवा मागची भिंत फोडून काढलेल्या नव्या फाटकाकडे.
फीत तीस मीटरची. उचलली, टेकवली, पुन्हा उचलली.
वाटेत एक म्हैस बसली होती, तिला वळसा घातला.
वळसाही अंतरात धरला.
साहेब म्हणाले, बसते नियमात.

सभा मंगळवारी ठेवली, दुपारी बाराला.
सावळीघाटात कापसाची तिसरी वेचणी सुरू असताना
दुपारी बाराला घरी कोण असते, हे
नोटीस चिकटवताना मलाही ठाऊक होते.
खळ मीच शिजवली होती.

तरी त्या आल्या.
कमरेच्या ओट्या न सोडता, वावरातून थेट,
पोटाशी कापूस धरून सतरंजीवर बसल्या,
अख्खी सभा दिवस गेलेल्या बायांची वाटावी अशा.

प्रभाकर डवले यांनी अर्ज वाचला.
परमिट रूम, बाजूला जेवणाची सोय,
सहा पोरांना काम, पंचायतीला कर.
पुलापलीकडे वर्धा जिल्हा, तिथे बंदी,
म्हणजे गिऱ्हाईक तिकडचे आणि पैसा इकडचा.
"आपल्या गावच्यायनं प्यावं, असं मी म्हनतच नाई."
मागे कोणीतरी हसले. मीच असेन.

कांताबाई नगराळे उठल्या.
"साहेब, फीत सरळ गेली.
पिलेला मानूस सरळ जाते काय?
तो नालीतून येते, बाभळीतून येते,
भलत्याच्याच दारावर थापा मारत येते,
पन येते घरीच. ते अंतर कोनं मोजलं?"
साहेबांनी पेनाचे टोपण काढले, परत लावले.
मुद्द्यावर बोला, म्हणाले.
"मंग मी कशावर बोलून रायली, बाप्पा?"

चंद्रभागा शेंडे बसूनच बोलल्या, गुडघा धरून.
"माहे सात मडके फोडले पोलिसायनं.
गुन्हा कोन्ता, तं दारूचा.
आता ह्याच्या काचेच्या शिशीले परवाना देता.
म्हंजे गुन्हा दारूचा नव्हता. मडक्याचा होता."

ग्रामसेवकांनी इतिवृत्तात लिहिले:
महिलांनी चर्चा केली.

पानठेल्यावर जे उभे होते
त्यांच्या सह्या घ्यायला रजिस्टर मी बाहेर नेले.
त्यांनी विषय विचारला नाही, रकाना विचारला.

माझी बायको तिसऱ्या रांगेत होती, खांबाआड.
ती बोलली नाही. अंगठा लावला,
आणि शाई पुसायला काही नव्हते म्हणून
ओटीतल्या कापसाला पुसली.
मग सगळ्यांनीच तशीच पुसली.
संध्याकाळी काट्यावर व्यापारी म्हणाला,
डागी माल आहे, किलोमागे दोन रुपये कमी.

मोजणी झाली. मग मोजणी पुन्हा झाली.
मग लाइन गेली.
मग साहेबांनी पुढची तारीख दिली.

सगळे गेल्यावर सतरंजी झाडली.
सुकी पाती, एक कानातली फिरकी, निळा पडलेला पुंजका.
फीत गुंडाळत बसलो.
तिचे असे असते की
शून्य सगळ्यात शेवटी हाताशी येते.

रात्री तिने विचारले, "तारीख कोन्ती देली?"
मी सांगितली.
दुधाचा हिशेब लिहिलेल्या कॅलेंडरावर
ती तारीख तिने शोधली
आणि निळा अंगठा त्या चौकोनावर ठेवून थोडा वेळ उभी राहिली.
"तवा वेचनी सरली असन," म्हणाली.
मग चुलीकडे वळून,
"त्या दिवशी फीत तुमी धरू नोका."

मी भाकर मोडली.
तीन घास झाल्यावर म्हणालो, नोकरी हाय.
"माईत हाय," ती म्हणाली,
आणि न विचारता आणखी भाजी वाढली.