गोष्टींचा डबा

गोलाणी मार्केटात दुकानदाराने
काचेवर तीन डबे मांडले.
पडदा एकालाही नाही,
हे मी आधी उलटेपालटे करून पाहिलं.
"पडदाच नको तर एवढे पैसे कशाला, दादा?
मोबाइल हातात दिला की पोरगं गप."
मी मान हलवली.
मान हलवणं मला जमतं.

पहिला वायफायवर चालतो.
आमच्या रावेरात वाऱ्याच्या भरवशावर कोणी काही ठेवत नाही,
केळीवाल्याला विचारा.
दुसऱ्याची पत्ती नखाएवढी,
ओजस अडीच वर्षांचा, ती गिळेल,
मग गोष्ट पोटातून ऐकावी लागेल.
तिसरा पिवळा. कोपरे गोल, कार्डं बिस्किटाएवढी जाड,
आवाज एका रेषेपुढे चढतच नाही,
लाइट गेली तरी सात तास बोलतो.
सात तास.
मी या वर्षात सगळं मिळून तेवढं बोललो असेन का,
हिशेब केला नाही.

मी वजनकाट्यावर बसतो.
ट्रक येतो, काटा मोजतो,
आकडा चिठ्ठीवर छापून निघतो, मी चिठ्ठी पुढे करतो.
ही नोकरी मी निवडली म्हणा, नाहीतर माझ्या जिभेने.
मुलाच्या नावाची हर्षदाने यादी केली होती,
क गेला, प गेला, ग गेला,
त्र्यंबकचं तर विचारूच नका.
ओ उरला.
ओ म्हणताना तोंड आपोआप उघडतं,
दाराला धक्का द्यावा लागत नाही.

"पोराले लागीन बरं तुही सवय,"
समोरच्या फेगडेमावशी म्हणाल्या, प्रेमानेच,
"तो आता बोलाले लागला. त्याच्यासमोर कमी बोलत जाय."
कमी!
त्या रात्री मी पाणीसुद्धा खुणेने मागितलं.

म्हणून डबा.

दुकानदाराने बटण दाबलं. आतून बाई बोलली,
वाक्य इस्त्रीतून काढलेलं, एक सुरकुती नाही.
ओजसने डबा उचलून मागे पाहिलं,
बाई बसते कुठे.
मग मुठीतली शेव जाळीपाशी नेली.
बाईने खाल्ली नाही, बोलत राहिली.
"हाच द्या," हर्षदा म्हणाली,
आणि एक कोरं कार्डही पिशवीत टाकून घेतलं,
मला न विचारता.

कोरं कार्ड आठ दिवस फ्रिजवर पडून होतं.
नवव्या रात्री डबा घेऊन गच्चीवर गेलो.
बिबड्यांची रिकामी खाट, खाली हायवेवर ट्रक.
गोष्ट एवढीच:
एक खार केळीच्या ट्रकात चढते आणि दिल्लीला निघते.
ख वर तीनदा आपटलो, दिल्लीच्या वेशीवर दोनदा,
एकदा तर इतका वेळ अडकलो
की मधे अख्खी मालगाडी निघून गेली, तीही कार्डात आली.
पुसायचं बटण कोणतं, मला माहीत होतं.

आता बाईची सगळी कार्डं दिवाणाखाली.
ओजस तेच एक लावतो,
डब्यावर थापट्या मारत म्हणतो,
ख, ख, खार.

घाम फुटला मला. लागलं म्हणजे.

पण परवा दुपारी अंगणातल्या निंबाकडे बोट करून तो म्हणाला,
"बाबा, खार!"
साफ. एका दमात.
मी विचारलं, आ...णि डब्यातली?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं काट्यावर नवख्या ड्रायव्हरकडे मी पाहतो.
"ती ख-ख-खार."
ती वेगळी. तिचं नावच तसं.

काल रात्री लाइट गेली, डब्याचाही जीव संपलेला.
अंधारात तो माझ्या पोटावर चढून बसला. सांग.
मी सुरुवात केली, आणि काय झालं कोण जाणे,
खार आली ती सरळ आली,
कुठे न अडकता, तेल लावल्यासारखी.

ओजसने माझ्या तोंडावर हात ठेवला.
"अशी नाही, बाबा.
नीट सांग."