दाखला

यंदाही पास झाली.
मर्डोनं दाराखालचा उंबरा
हातोडीनं ठोकून पाहिला:
डावीकडे खणखणीत,
उजवीकडे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा.
"अजून तग धरेल," म्हणाला,
आणि शेरा मारून ठेवला.

कापडी छताची शिवण उसवलीय,
एल्स्पेथच्या मांडीवर आर्ब्रोथचा पाऊस येऊन बसतो.
त्याला फॉर्मवर रकाना नाही.
ब्रेक, दिवे, धूर, टायर.

"म्हणजे वर्षभर घोर नाही ना?"
मर्डो बराच वेळ हात पुसत राहिला.
"बाई, हा कागद सव्वाअकराचा.
आता साडेअकरा झालेत."

तिनं छत उघडायला घेतलं,
ते निम्म्यावर अडकलं.
तशीच निघाली,
उंबरा ज्यानं खाल्ला
त्याच खारट वाऱ्यात,
हॉर्न वाजवत.