मागची चाकं उशिरा जागी होतात

पोवई नाक्यावरच्या एका दातांच्या डॉक्टरांकडून
घेतली मी ही गाडी, एकसष्ट हजार चाललेली.
ते गोल बटण त्यांनी कधी फिरवलंच नव्हतं.
'लॉक' ही अक्षरं अजून कोरी,
नखाचासुद्धा ओरखडा नाही.

माझं काम चाळकेवाडीच्या सड्यावर.
पवनचक्कीच्या गिअरबॉक्समधलं तेल बाटलीत घ्यायचं,
नंबर टाकायचा, तपासणीला धाडायचं.
वर उंचावर लोखंडाचे दात किती झिजले
ते खाली चमचाभर तेल सांगतं.

कराडचा रज्जाक शिकलगार
गाडीखाली उताणा पडूनच म्हणाला होता:
"जीप समजू नका हिला.
ही चालती पुढच्या दोन पायांवर.
ते घसरले की मग मागच्यांना हाक जाती.
मधी एक क्लच हाय, माझ्या तळव्याएवढा,
सगळी मेहेरबानी त्याची.
तापला, की सुटला.
आन् खाली खडखड झाली तर पाय काढू नका.
ती भांडतीया. भांडू द्या."

सत्तावीस नंबरच्या टॉवरकडं चढताना
पात्यांच्या ट्रेलरांनी पाडलेल्या चाकोऱ्या,
ओला जांभा, त्यावर शेवाळ.
शेजारी ठकूबाई झोरे, वाटेत हात केला म्हणून घेतलेल्या,
मांडीवर पिशवी, पिशवीत वस्तीतले सहा मोबाईल,
वॉचमनच्या केबिनमधून चार्ज करून आणलेले.

आणि गाडी तिरपी झाली.
पुढचं डावं हवेत,
मागचं उजवं हवेत.
उरलेली दोन दगडावर घट्ट,
आणि ढिम्म.

असाच असतो तिचा स्वभाव:
ज्याच्याखाली जमीन नाही
सगळा जोर त्यालाच.
ते फिरतं, गरगरतं, चिखल उडवतं,
आणि ज्याला टेकू आहे ते बसून राहतं
लग्नातल्या रुसलेल्या मामासारखं.

मग खडखड सुरू झाली.
ब्रेकनं फिरत्या चाकाची मानगूट धरली,
सोडली, धरली,
दगडावरच्या चाकाकडं जोर ढकलू लागला.
वीतभर हललो असू.
मी पाय काढला.
पुन्हा तेच. पुन्हा काढला.
चौथ्या वेळी करपल्याचा वास,
काचेमागं पिवळा दिवा,
आणि मागची चाकं
घरातून नाव काढून टाकल्यासारखी परकी.

पंधरा मिनिटं थांबायचं होतं.
ठकूबाई खाली उतरून चाकोरीकडं बघत राहिल्या.
पिशवीत कुणाचा तरी फोन वाजला, वाजून थांबला.
"दोन्ही चाकं खड्ड्यात कशाला घालता?
एक मधल्या वरंब्यावर ठिवा, एक ह्या कडंवर.
पोट वर राहील."
मी बघतच राहिलो.
"पाती आनली तवा ट्रेलरवाल्याला
वाट मीच दावली हुती," त्या म्हणाल्या.
"तीन दिस. जेवण दिलं, पैशे न्हाई."

किल्लीच्या टोकानं हवा सोडली,
तेहेतीसवरून वीसपर्यंत, चारही चाकांची.
टायर जरा फसकल मारून बसले.
बटण फिरवलं.
हिला लो गिअर नाही,
हळू जावं तर दम तुटतो, जोरात जावं तर पोट घासतं,
या दोन्हींच्या मधे एक बारीक जागा असते.
ठकूबाई पुढं उलट्या चालत होत्या,
तळहात कधी डावीकडं, कधी उजवीकडं.
खडखड झाली.
खूप झाली.
पाय काढला नाही.

वर तेल काढलं तेव्हा हात थोडा हलत होता,
सत्तावीसमधला सात एकासारखा आला.
खोडून पुन्हा लिहिला.

परतीला डांबर लागलं.
काटा चाळीसच्या पुढं गेला
आणि लॉक आपोआप सुटलं,
मला न विचारता. दिवा गेला.

सज्जनगडाच्या फाट्यावर हवा भरायला थांबलो.
पोरगं पाईप घेऊन वाकलं,
"पुढं तेहेतीस. मागच्यांत किती, काका?"
"तेवढीच," म्हटलं.