एक, दोन, सोड!

गाऊन लाल आहे, मागे सात मीटर शेपूट.
एका शूटचं भाडं दीड हजार, डाग पडला तर वेगळे.
माप कुणाचंच नाही त्याला.
पाठीत सहा चिमटे लावते मी,
दोरीवर कपडे वाळत घालायचे असतात, तेच,
आणि समोरून प्रत्येक नवरी मापात येते.

माझं काम एवढंच :
इरेशअण्णा डोळा लावून ओरडतो, एक, दोन, सोड!
की शेपूट वाऱ्यावर फेकायचं
आणि कापड खाली यायच्या आत
फ्रेमबाहेर पळायचं.
कधी बाभळीमागे, कधी बुरुजाच्या आडोशाला,
बहुतेकदा नुसतं पालथं पडायचं गवतात.

हे मला कुणी शिकवलं नाही.
आई चादरीचं एक टोक माझ्या हातात द्यायची,
दुसरं तिच्याकडे,
आणि मनगटातून झटका.
विडी घरकुलात अख्खी लहानपणं अशी
घड्या घालण्यात गेली.
चादर एक क्षण हवेत पोट फुगवून थांबते,
तो क्षण मला पाठ आहे.
अण्णा त्याचेच पैसे घेतो.

हिप्परग्याच्या तळ्यावर पहाटे साडेपाचला पोचायचं.
साडेआठनंतर सोलापूरचं ऊन फोटो काढू देत नाही,
नाकाची सावली ओठावर मिशीसारखी पडते,
नवरीच्यासुद्धा.
नान्नजच्या माळावर गेलो तर गार्ड काठी घेऊन येतो,
ड्रोन खाली घ्या, पाखरं बुजतात.
अण्णा त्याला चहाचं विचारतो.
तो चहा पितो, आणि म्हणतो, आता निघा.

घरी आल्यावर गच्चीवर बसून
मी शेपटातली कुसळं वेचते.
कुठल्या कुसळाला कुठली नवरी, ओळखू येतं थोडंफार.
एकीनं तर बाहीत नाक पुसलं होतं.
धुतलं. बोलले नाही.

भुवनाचं शूट फेब्रुवारीत होतं.
मुलगा पुण्याचा, डावी बाजू चांगली म्हणून
सगळीकडे डावीकडूनच उभा.
एक, दोन, सोड म्हटल्यावर मी फेकलं
आणि पळताना तळ्याकाठच्या चिखलात
अशी आपटले, की अण्णाच ओरडला,
अय, पडली बे!

मे महिन्यात ती एकटीच दुकानात आली.
लग्न मोडलं होतं.
का, ते तिनं सांगितलं नाही,
आणि अण्णानं विचारलं नाही, ॲडव्हान्सचा विषय निघू नये म्हणून.
सगळे फोटो पुसा म्हणाली, माझ्यासमोर.
तीनशे बारा होते.
स्टुलावर बसून एकेक बघत, हा. हा पण. हा.
पंखा गरम वारा ढकलत होता.
मी चिमटे मोजत बसले, उगाच.

मग एकावर ती थांबली.
तळं, उजाडतंय, शेपूट अर्धंच उडालेलं,
पाठीतला एक चिमटा सुटून खांदा उतरलेला,
आणि ती वाकून, तोंड उघडं टाकून हसतेय,
सगळे दात, हिरड्यासकट.
तो शेजारी. डावी बाजू. नजर कॅमेऱ्यात.
हा ठेवा, ती म्हणाली.
अण्णानं विचारलं, यांना काढून टाकू?
पाणी भरून देतो तिथे, कळणार नाही.
राहू दे, ती म्हणाली, तो बघतोय कुठं.

मी वाकून बघितलं.
त्या फोटोत मी कुठेच नाही,
कोपर नाही, ओढणीचं टोकसुद्धा नाही.
पण ती माझ्याकडे बघतेय.

जाताना दारात तिनं चप्पल घालता घालता विचारलं,
तुमचं नाव काय हो?
पाच तास तिच्या पाठीमागे उभी होते मी त्या दिवशी.
नागमणी, म्हटलं.

उद्या पहाटे चारला गाडी येईल.
अक्कलकोट रोडची पार्टी आहे, नवरी उंच आहे म्हणे,
आठ चिमटे लागतील.
शेपटाच्या काठाला हिप्परग्याचा चिखल
वीतभर अजून आहे, पिवळट,
लिंबू लावून झालं, सोडा लावून झाला.
अण्णाला ठाऊक नाही.
उडताना दिसत नाही तो.