ओढ

वाईनो लाम्पीच्या दुकानात दोन धनुष्यं खुंटीला टांगलेली,
शेजारी-शेजारी, ओळख नसल्यासारखी.
एक कार्बनचं. हिवातही हाताला गार लागत नाही,
वजन भरल्या थर्मासइतकं. अठराशे नव्वद डॉलर.
दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं, अंगानं जड, चौदाशे.
त्यात ना साइट, ना बाण, ना भाता.
दोन हिवाळ्यांचा ओव्हरटाइम माझ्या खिशात आहे,
आणि वाईनोला ते ठाऊक आहे,
कारण त्याची नात माझ्याच बसनं शाळेत जाते.

"हे घे, हेल्मी. सेकंदाला तीनशे चाळीस फूट.
तारेचा आवाज हरणाच्या कानी पडायच्या आत
बाण बरगडीत."
मी काही बोलत नाही.
आवाज बाणाच्या तिपटीनं धावतो,
सहावीच्या पुस्तकात वाचलंय मी,
शाळेबाहेर बस उभी असताना.
हरीण नेहमीच आधी ऐकतं.

गेल्या ऑक्टोबरात, सुपीरियर सरोवराकडून वारा,
मचाणाखाली ती मादी आली.
जुनं धनुष्य ओढून गालाशी आणलं
आणि ती झाडाआड थांबली.
नुसतीच थांबली. कान हलवत.
मी धरून राहिले. खांदा थरथरू लागला,
हाच, वीस वर्षं स्टिअरिंग ओढून झिजलेला.
ती एक पाऊल पुढे आली, अर्धंच,
आणि मला धरवेना.
बाण सोडला नाही मी.
सुटला.

नेच्यावर रक्त, मग एका बर्चच्या पानावर,
मग सीडरच्या दलदलीत काहीच नाही.
टॉर्चची बॅटरी संपेपर्यंत शोधलं.
दुसऱ्या दिवशी आजारी असल्याचं कळवून पुन्हा शोधलं.
तिसऱ्या दिवशी कावळे कुठे उतरतात ते बसमधून दिसलं,
मागं बेचाळीस मुलं गात होती.

तर वाईनो, वेगाचं राहू दे.

मागच्या अंगणात फोमचं हरीण उभं आहे,
छातीशी भोकंच भोकं.
मी कार्बनचं ओढते. सुरुवातीला डोंगर,
मग एकदम सपाटी, हातात फक्त दहा-बारा पौंड.
छान आहे. खोटं कशाला बोलू, फार छान आहे.
नव्वद आकडे मोजते.
मग बाण न सोडता तार परत न्यायला जाते,
तर ते हिसडा देतं,
फाटक उघडं दिसलेल्या कुत्र्यासारखं
मला पुढे फरफटवतं.

"असं कोण करतं?" वाईनो.
"मी करते."

दुसरं. जडपणा पोटरीपर्यंत जाणवतो.
पण हात डुलत नाही, वाऱ्यातही नाही.
नव्वद. शंभर.
आता परत. इंच-इंच,
बर्फाळ उतारावर बस थांबवावी तसं,
ब्रेकवर एकदम न चढता.
तार आपल्या जागी जाते. बाण जागचा हलत नाही.
अंगणात काहीच घडलेलं नाही.

"चौदाशे डॉलर," वाईनो म्हणतो, "बाण न मारण्याचे."
"मारेन ना. फ्रीजर रिकामा आहे."
तो हसतो, पाना शोधतो.
साठ पौंडांवरचा ताण कमी करू लागतो.
पंचावन्न? मी मान हलवते. पन्नास? अजून खाली.
सेहेचाळीसला थांबतो. माझ्याकडे बघत नाही,
हा त्याचा चांगुलपणा.
"रिकामं कधी सोडू नकोस," तो बजावतो, "फुटेल."
हे मला चाळिसेक वर्षांपासून माहीत आहे,
तरी मी "बरं" म्हणते.

घरी पायरीवर बसून तारेला मेण लावते.
बोटांना वास येतो, जुन्या चर्चच्या बाकांचा.
रोज संध्याकाळी वीस वेळा ओढायचं ठरवलंय:
दहा सोडण्यासाठी,
दहा परत आणण्यासाठी.
शेजारचा इस्को कुंपणावरून विचारतो,
"लागला का नेम?"

अकरावी खेप. दोन्ही हात गुंतलेत.
उत्तर द्यायला अजून थोडा वेळ आहे.