एक्केचाळीस नंबरची जागा

कापुस्कासिंग. गावाच्या नावातच कापूस,
आणि अर्धा मार्च सरला तरी
वरचा पिंजारी काही दमत नाही.

रात्री तीनला लेओपोल्ड बर्फ हटवायची गाडी काढतो.
पुढचा लोखंडी फाळ रस्ता खरवडत जातो,
कडेला पांढरे बांध पडत जातात,
आणि परतीच्या फेरीला बघावं
तर रस्ता पुन्हा कोरा.
या नोकरीत काही संपत नाही.
म्हणून तो मनातल्या मनात तंबू ठोकतो.

आधी जमीन चाचपायची. पाठीखाली मूळ नको.
उतार असलाच तर डोकं वरच्या अंगाला.
गेल्या जुलैत आडवे झोपलो
आणि ओडील रात्रभर घरंगळत त्याच्या अंगावर येत राहिली.
(त्याबद्दल तक्रार नाही.)
मग खुंट्या. मोडक्या काठीला
हॉकीची पट्टी गुंडाळलीय, ती सर्वांत शेवटी,
देवाचं नाव घेऊन.

एक्केचाळीस नंबरच मिळाला.
सकाळी सातला फोन उघडले, हा तेव्हा गाडीवर,
ओडीलने बत्तीस वेळा नंबर फिरवला.
पलीकडची मुलगी म्हणाली, अडतीस देऊ का, संडासाला जवळ पडते.
ओडील म्हणाली, बाई, आम्हाला पाण्याला जवळ पडणारी हवी.

पाणी आत्ता दगड आहे.
त्यावर लोकांच्या मासेमारीच्या खोपट्या उभ्या आहेत,
लोक ट्रक नेतात त्यावरून.
पण लेओपोल्डला ते हलताना दिसतं:
संध्याकाळचे साडेनऊ, अजून उजेड,
कोणाची तरी होडी उलटी घातलेली,
आणि लून नावाचा तो पाणपक्षी
वेड लागल्यासारखा एकटाच हसतोय.
धूर जिकडे बसावं तिकडेच येतो.
कॉफीत राख. मासा एका बाजूने करपलेला,
दुसऱ्या बाजूने कच्चा, आणि तरी
हाडं चाटूनपुसून.

आणि डास. त्यांना वगळून चालायचं नाही.
उणे अठ्ठावीसमध्ये, काच खरवडताना,
त्याला डाससुद्धा माहेरचे वाटतात.

मिरेई या वर्षी सोळाची.
तिला आइस्क्रीमच्या टपरीवर काम लागलंय.
जेवताना मान वर न करता म्हणाली,
मी शनिवारीच येईन हं, कामावरून सुटले की.
तो बरं म्हणाला. बटाटा पुढे केला.
मग रात्री गाडीत बोटांवर हिशेब:
शनिवार संध्याकाळी पाच ते रविवार दुपारी बारा,
एकोणीस तास.
त्यातले आठ ती झोपणार. दहा म्हणा, या वयात.
उरलेल्या नवांत
एकदा तरी होडी वल्हवत मधल्या बेटापर्यंत,
एकदा तरी पत्ते.

सकाळी घरी आला. बूट न काढता तळघरात उतरला.
तंबू दोरीवर टांगलेला, भिजट कापडाचा तोच वास,
गवत, धूर, कोणाचा तरी ओला कुत्रा.
त्याने तो खाली घेतला, बॉयलरशेजारी उभा केला,
झटकला तेव्हा वाळू पडली,
वाळलेली एक पाकोळी,
आणि चौकटची सत्ती.

अख्खा हिवाळा हिच्याऐवजी
बिलाच्या पाठीवर ७ लिहून खेळले होते.
मिरेई प्रत्येक वेळी ओळखायची तो कागद कोणाच्या हातात आहे,
आणि प्रत्येक वेळी जिंकायची.

आठला ओडील कपडे धुवायला खाली आली.
तंबूची चेन आतून लावलेली.
बाहेर बूट, व्यवस्थित, जोडीने,
त्यांच्यावरचा बर्फ वितळून
सिमेंटवर एवढंसं तळं झालेलं.

आत घोरणं.
तिने वॉशिंग मशीन सुरू केलं नाही.
परडी खाली ठेवली, गाऊन सावरला,
आणि हळूच, एकेक दात सोडवावा तशी,
चेन उघडायला लागली.