उणे दोन

अकरा रुपये कमी पडले.
तसं पाहिलं तर झालं ते एवढंच.

घरघंटीचा हप्ता अठराशे चाळीस, पाच तारखेला.
पगार दहाला, कधी बाराला,
ठेकेदाराची सासू आजारी असली की पंधराला.
मधल्या दिवसांवरचा पूल म्हणजे रफीकभाई.
चार तारखेला त्याच्याकडून घेऊन
खात्यात अठराशे सेहेचाळीस रुपये सत्तर पैसे केले
आणि निर्धास्त खाली आलो,
प्रभादेवीच्या त्या टॉवरमध्ये, उणे दोनवर,
जिथे मी लोकांच्या गाड्या लावतो.

रात्री बँकेने मेसेज पाठवायचे म्हणून
सतरा रुपये सत्तर पैसे कापले
आणि तसा मेसेज पाठवला.
तळघरात रेंज नसते.

सकाळी हप्ता आला,
अकरा रुपये कमी बघून उंबऱ्यावरून माघारी गेला.
माघारी जाण्याचे पाचशे. त्यावर कर नव्वद.

मालनने हिशोब केला. तिचा हिशोब किलोत असतो.
किलोमागे आठ रुपये दळणावळ.
"म्हणजे पावणेचौऱ्याहत्तर किलो," ती म्हणाली,
"दळून झालं, आणि डब्यात चिमूटभर नाही."
मग भाजणीचं कोणाचं तरी राहिलं होतं, ते लावलं.
घरघंटीचा आवाज चालू असला की
आम्हाला भांडता येत नाही, ते एक बरं.

कंपनीचा पोरगा फोनवर साहेब साहेब करत
काहीतरी आत्ताच भरा म्हणाला.
बाराशे काढून दिले. खात्यात एकोणचाळीस.
सात तारखेला तोच हप्ता पुन्हा येऊन गेला,
पाहुण्याने न कळवता यावं तसा,
आणि जाताना पुन्हा पाचशे नव्वद.
रॅम्प चढून वर उजेडात आलो तेव्हा फोन थरथरला :
शिल्लक उणे पाचशे एक्कावन्न.
आकडा मात्र शुभ. मंडळाच्या पावतीवर शोभेल असा.

काही नसणं मला माहीत होतं.
नसण्याच्याही खाली जागा असते,
तिथेही आपल्या नावाचं खातं असतं,
हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

बँकेत पेडणेकर मॅडम म्हणाल्या,
"मी नाही हो कापत, सिस्टिम कापते."
त्यांच्या टेबलावर अर्धा डबा उघडा होता, भेंडीची भाजी.
"अर्ज लिहा."
लिहिला. अर्जदार गोताड यशवंत भिकाजी,
राहणार विक्रोळी पार्कसाईट.
विषय : अकरा रुपये.
त्या हसल्या, मग पासबुक बघत राहिल्या,
मग हसल्या नाहीत.
"एक दंड परत करता येईल. एकच.
पुढच्या वेळी सांभाळा."
तारीख बदलायचं विचारलं.
ती बदलते म्हणाल्या, पण कंपनीकडे जावं लागेल,
आणि तिचाही चार्ज आहे.

संध्याकाळी एक पांढरी गाडी लावली.
गिअरजवळच्या खळग्यात सुट्टी नाणी,
धूळ खात पडलेली, दहाची, पाचची, एक चिकट झालेलं.
मोजली नाहीत. म्हणजे मोजली.
दार लावलं, चावी खिळ्यावर टांगली.
मागच्या महिन्यात सोसायटीच्या पूजेत
मीच ताटात अकरा रुपये टाकले होते,
देवाला चालतात म्हणून.

लिफ्ट आली. आकडा लाल : उणे दोन.
रोज कितीदा येते ती इथे, थांबते, दार उघडते,
आणि तिला कोणी काही लावत नाही.

आता मालनने मसाल्याच्या डब्यातली एक वाटी
रिकामी करून ठेवलीय. मोहरीची होती.
दळणाची सुट्टी नाणी त्यात. "ही बँकेची," म्हणते,
"हात लावायचा नाही."
परवा त्यातूनच मेथीची जुडी आणली.

आज तीन तारीख.